भाचीने ती खोली सोडावी म्हणून

मी, खाली सही करणारी, सेवानिवृत्त शास्त्रज्ञ, अविवाहित, हे मृत्युपत्र माझ्या राहत्या घरी जेवणाच्या टेबलावर बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. मूत्राशय तेवढं शाबूत नाही. तिथे कर्करोग आहे आणि तो पसरला आहे. माझ्यावर कोणाचंही दडपण नाही, हेही लिहा असं वकीलबाई म्हणतात, म्हणून लिहिते.

कापड रंगवायच्या कोणत्या रसायनांनी पेशीतली गुणसूत्रं मोडतात आणि कोणत्यांनी कर्करोग होऊ शकतो, हे आधी जिवाणूंवर आणि मग उंदरांवर तपासण्यात माझी सारी नोकरीची वर्षं गेली. आमच्या संशोधन संस्थेच्या तळमजल्यावरची मागची खोली, तिची एकुलती खिडकी खिळे ठोकून बंद केलेली. सुरुवातीला आम्ही ती द्रावणं काचेच्या नळीत तोंडाने ओढून घ्यायचो. तेव्हा तीच पद्धत होती, आणि कोणाला काही वाटत नसे.

पहिलं. बँकेतली ठेव दादाला द्यावी. मी जेवायला गेले की तो प्रत्येक वाटी माझ्यापुढे धरून विचारायचा, हे खाल्लं तर मरेन का. एकदा मला दारात बघून वहिनीने करपलेला पाव पदराआड लपवला होता, जणू मी झडतीला आले होते. या दोघांनी मला खूप हसवलं.

दुसरं. पगारातून घेतलेला माझा स्वतःचा सूक्ष्मदर्शक माझ्या पहिल्या विद्यार्थ्याला. तो आता शाळेत शिकवतो. फोकसचं चाक घट्ट आहे, मुलांना जोर करू देऊ नये.

तिसरं. संस्थेच्या संचालकांना माझ्याकडून काहीही नाही, फुलंसुद्धा त्यांनी आणू नयेत. खोलीतला धूर ओढणारा पंखा नुसता आवाज करतो. त्याच्या तोंडाशी टिश्यूपेपरची पट्टी धरली तर ती हलत नाही. मी अर्ज केले, पट्टी त्यांच्या नाकासमोर धरून दाखवली, शेवटी नवा पंखा माझ्या खर्चाने बसवते म्हटलं. नियमात बसत नाही, म्हणाले. पालथ्या घड्यावर पाणी.

चौथं. माझ्या आजारावरून त्या खोलीला दोषी ठरवू नये. सहकाऱ्यांची इच्छा होती की मी तसं लिहून द्यावं, म्हणजे पंखा तरी बदलेल. पण एका रोग्यावरून कारण सिद्ध होत नाही. हा रोग त्या खोलीत पाऊल न ठेवलेल्यांनाही होतो. मनातून मला त्या खोलीबद्दल खात्री आहे, आणि खात्री म्हणजे पुरावा नव्हे हे मीच जन्मभर सांगत आले. इकडे आड, तिकडे विहीर.

पाचवं, आणि याच्याचसाठी हा सगळा खटाटोप. माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी आज त्याच खोलीत, माझ्याच टेबलाशी काम करते. तिला सोड म्हणून सांगितलं, रागावले, रडलेसुद्धा. तिने शांतपणे विचारलं, "एका माणसावरून काय सिद्ध होतं, मावशी?" गुरूची विद्या गुरूला. मला फार भीती वाटते, आणि ती भीती कोणत्याही आलेखात मांडता येत नाही. म्हणून हे घर मी भाचीला देते, पण एका अटीवर: माझ्या मृत्यूनंतर महिन्याभरात तिने ती खोली कायमची सोडावी. ही लाच आहे, हे मला कळतं. दुसरं काही माझ्या हातात उरलेलं नाही.

हे सर्व वाचून, समजून सही करत आहे.

सही: (मावशी)

साक्षीदार: १. शेजारचे शिंपीकाका
२. भाची

सहीनंतरची नोंद, माझ्याच हातची:

दुसऱ्या साक्षीला वकीलबाईंच्या कारकुनाला बोलावलं होतं. तो यायच्या आधी भाची डबा घेऊन आली. टेबलावरचा कागद तिने उभ्याउभ्या शेवटपर्यंत वाचला आणि पेन उचलून साक्षीदाराच्या जागी सही केली. वकीलबाई घाईने म्हणाल्या, साक्षीदाराला वारसा घेता येत नाही, तुझं घर गेलं. ती म्हणाली, माहीत आहे.

मी म्हटलं, नवा कागद करते. तिने माझा हात धरला.

"कर. पण मी उठले तर त्या टेबलाशी दुसऱ्या कोणाची तरी भाची बसेल. तिला तू कोणतं घर देणार आहेस?"

कोरा कागद समोर आहे. अजून काही लिहिलेलं नाही.

ठिकाण: राहतं घर
दिनांक: आजचा, सोमवार, दुपार