मैत्री रुग्णालयाच्या खिडक्या

सोमवार, ४ मार्च

आज सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, दोन देशांच्या झेंड्यांखाली, मला दंडाला धरून बाजूला काढण्यात आलं. वेळ मुद्दाम लिहून ठेवते आहे.

नव्या रुग्णालयाचं उद्घाटन होतं. पाहुण्या देशाने बांधून दिलेलं — रेल्वे, बंदर आणि हे रुग्णालय, सगळं एकाच करारात. मी जुन्या रुग्णालयाची निवृत्त मेट्रन, म्हणून पहिल्या रांगेत खुर्ची. फीत कापली, टाळ्या झाल्या, मंडळी मिरवत टीबी वॉर्डात शिरली. जमिनीपासून छतापर्यंत काच. सुरेख! मी कडी शोधली. नाही. शेजारच्या काचेलाही नाही. एकाही काचेला नाही! मग पाहुण्यांच्या राजदूतांनाच विचारलं, कॉन्व्हेंट शाळेत मदरनी घासून घेतलेल्या इंग्रजीत — "यातली उघडते कोणती?"

एवढंच विचारलं. शिष्टाचार विभागातला एक कोटवाला धावत आला. "मावशी, चला, चहा घेऊ या ना!" मावशी! माझ्या राउंडच्या वेळी सर्जन सिगरेट विझवायचे.

लेक चार पावलांवर उभी होती. परराष्ट्र खात्यात याच सहकार्य विभागाची ती प्रमुख. समोर बघत राहिली. जणू मी कुणीतरी वाट चुकलेली बाई.

मंगळवार, ५ मार्च

जेवताना तोंड उघडलं बाईसाहेबांनी. "आई, भेट आहे ती. फुकटच्या गाईचे दात मोजू नयेत."

म्हटलं, "दात नाही मोजत. गोठ्यात वारा येतो का, ते बघतेय."

ताट उचलून आत गेली.

गुरुवार, ७ मार्च

धाकटी बहीण ड्यूटीवरून थेट इकडे आली. टीबी वॉर्डाची सिस्टर ती. कालच रुग्ण तिकडे हलवले. चपला काढायच्या आधीच सुरू — "ताई, डब्यात घालून वरून झाकण लावलंय गं आम्हाला! एक खोकला की अठरा जणांत वाटणी!"

हवा खेळवायला यंत्र आहे म्हणे. आहे. वीज असेपर्यंत. आज दुपारी वीज गेली नि यंत्र बंद. जनरेटर आहे, तो ऑपरेशन थिएटरसाठी. धाकटीने चालत्या रुग्णांना मागच्या पायऱ्यांवर नेऊन बसवलं. जे उठू शकत नाहीत ते आत. आणि ती त्यांच्याबरोबर आत.

म्हटलं, बदली माग. तर मलाच विचारते — "तू मागितली असतीस?"

खोटं बोलता आलं नाही.

शनिवार, ९ मार्च

अधीक्षकांकडे गेले. माझ्यासमोर शिकाऊ डॉक्टर म्हणून आले होते, तेव्हा इंजेक्शन देताना यांचाच हात कापायचा. आता खुर्ची फिरते यांची.

"मेट्रन, तुमचं शंभर टक्के बरोबर आहे हो! पण पुढच्या वर्षी ते कॅन्सरचं यंत्र देणार आहेत. आत्ता कुरकुर केली तर..."

तर काय? रुसतील? एवढा मोठा देश, नव्या नवरीसारखा रुसेल?

मी काही या मैत्रीच्या वाईटावर नाही. आधीचे साहेब आम्हाला नियम देऊन गेले. त्यांच्यानंतरचे उपदेश देऊन गेले. यांनी निदान सिमेंट दिलं! रेल्वेने आता दुपारच्या आत बंदर गाठता येतं. पण मैत्री म्हणायची आणि तोंड उघडायला घाबरायचं — ही कसली मैत्री? शेजारणीने दिलेलं पोलकं काखेत घट्ट झालं तर आपण तिलाच सांगतो ना, बाई, शिवण उसवून दे म्हणून? तीही देते उसवून. त्यात कुणाची अब्रू जात नाही.

सोमवार, ११ मार्च

पाहुण्यांच्या राजदूतावासात गेले. फाटकावरूनच परत पाठवलं. हसून. भांडायलाही जागा ठेवली नाही!

बुधवार, १३ मार्च

धाकटीचा डबा द्यायला गेले, तर वॉर्डाबाहेर पाहुण्यांचा इंजिनिअर प्लगची तपासणी करत होता. चष्मा, खिशात चार पेनं. मला बघून उठून उभा राहिला. वळण चांगलं आहे.

विचारलं, "तुमच्या देशात टीबीच्या वॉर्डाला खिडक्या नसतात का?"

"असतात. उघडणाऱ्या," तो म्हणाला. "इथल्या पहिल्या आराखड्यातही होत्या. छोट्या, समोरासमोर. तुमच्या हवेला त्याच बऱ्या."

"मग?"

"तुमच्या बाजूने नको म्हणाले. आमच्या राजधानीतल्या नव्या इमारतींना आहे तशीच काच हवी, हुबेहूब. आम्ही दोनदा समजावलं. तिसऱ्यांदा यजमानाला कसं समजावणार?"

"तुमच्या बाजूने म्हणजे कोणी?"

"मॅडम. आखूड केस. फार हुशार. आम्हाला सगळ्यांना आवडतात."

डबा हातातच राहिला. परत जाऊन द्यावा लागला.

गुरुवार, १४ मार्च

रात्रभर धरून ठेवलं. सकाळी चहाच्या कपाबरोबर विचारून टाकलं — "काच तू मागितलीस?"

वाटलं, खाली बघेल. नाही बघितलं. माझीच लेक!

"हो. मी मागितली. आई, तूच सांगायचीस ना — मदतीच्या खोक्यांत गंजक्या खाटा यायच्या, मुदत संपलेली औषधं यायची आणि वर आभाराचं पत्र तूच लिहायचीस? मी लहान होते, पण ऐकत होते. हे लोक म्हणाले, तुमच्याकडे छोट्या खिडक्या पुरतील. मला वाटलं, झालं, हेही स्वस्तात गुंडाळतायत. एकदा तरी, एकदा तरी त्यांच्यासारखंच हवं होतं मला. तसूभर कमी नको होतं."

"त्यांनी खरं सांगितलं होतं गं."

"आता कळतंय. तेव्हा खरं कोण सांगतंय आणि कोण टोपी घालतंय, ते कळायची सवयच नव्हती आम्हाला."

चहा गार झाला. चिडायचं राहूनच गेलं माझं. म्हणजे चिडले, पण नेमकं कुणावर ते ठरेना.

शनिवार, १६ मार्च

इंजिनिअरकडून नीट समजून घेतलं. काचांच्या जागी उघडणाऱ्या चौकटी बसवायला त्यांची तयारी आहे, खर्च करारातच बसतो. पण त्यांची माणसं २४ तारखेला सामान बांधून परत जाणार. त्याआधी आपल्या बाजूने विनंती हवी. ती जाणार सहकार्य विभागातून. म्हणजे लेकीच्या टेबलावरून. म्हणजे तिने स्वतःच्या हाताने लिहायचं, की पहिला आराखडा बरोबर होता आणि मी चुकले.

आणि पुढच्या महिन्यात तिची नेमणूक त्यांच्याच राजधानीत व्हायची आहे. आपल्या राजदूतांच्या खालोखाल. तिच्या वयात आजवर कुणाची झालेली नाही.

रविवार, १७ मार्च

धाकटीला ताप. साधा आहे म्हणते. थुंकी तपासायला दिली आहे.

लेकीला सांगितलं. मावशीकडे जाऊन बसली दुपारभर, मास्क लावून.

मंगळवार, १९ मार्च

धाकटीचा रिपोर्ट आला — काही नाही. साधाच ताप. देवा! पण वॉर्ड तिथेच आहे आणि उद्या तिची ड्यूटी आहे.

संध्याकाळी लेक माझ्या खोलीत आली. "आई, माझ्या विभागाविरुद्ध तक्रार दे. मी आपण होऊन लिहिलं तर वरचे दाबून टाकतील. नागरिकाची तक्रार आली की उत्तर द्यावंच लागतं."

"तुझं नाव घालावं लागेल."

"घाल. हुद्द्यासकट."

मी लिहायला घेतलं. खांद्यावरून वाचत होती. "अगं, एवढं मवाळ? हे थेट कपाटात जाईल! कोटवाल्याला झापतेस तसं लिही."

मग काय! शेवटचा परिच्छेद तिचा, सही माझी. उद्या सकाळी एकाच रिक्षाने जाणार आहोत — ती उत्तर द्यायला, मी मागायला.

'सदर चुकीस जबाबदार अधिकाऱ्याने चूक स्पष्ट शब्दांत मान्य करून, खिडक्या बदलण्याची विनंती पाहुण्या देशाकडे पाठवल्याचं लेखी उत्तर शुक्रवार, २२ मार्च, सायंकाळी पाचच्या आत द्यावं. तोंडी उत्तर, मग ते घरी दिलेलं का असेना, ग्राह्य धरलं जाणार नाही.'