दोनशे तेवीस दिवसांचं पाणी

तारीख २

अगं, तुझे गुडघे कसे आहेत? जिना चढताना अजून कटकट वाजतात का? थोरल्याचं पोट ठिकाणावर आलं, की अजून उभ्या उभ्याच जेवतोय? सूनबाईंची पाठ? नातीचा पुढचा दात हलत होता. पडला असेल तर जपून ठेव, मला बघायचाय. शेजारच्या मास्तरांचा खोकला काय म्हणतो? भिंतीपलीकडून तो ऐकू आल्याशिवाय मला इथे झोप लागत नाहीये. आणि ठकू... तिचं विचारायला तर मीच इथे आलोय.

टपाल आठवड्यातून एकदा निघतं, तर रोजचं रोज वहीत लिहा, वही आली की मी एकदम वाचेन, असं तू बजावलंस. म्हणून हा वहीचा खटाटोप.

जागा छान आहे गं. जंगलात तीन खोल्या, वर पत्रा, खिडकीखाली ओढा. मला ठकूचीच खोली मिळाली. खाट तिच्या मापाची, माझे पाय घोट्यापर्यंत बाहेर. पहारेकरी हसून म्हणाला की आजोबा, पायांसाठी वेगळी खोली मागून घ्या. इथल्या संशोधन केंद्राच्या साहेबांना पाणी मोजायला तरणा माणूस हवा होता. मी अर्जात खरं तेच लिहिलं होतं: एक्केचाळीस वर्षं पंप दुरुस्त केले, शाळा सातवीपर्यंत, पण इथल्या शास्त्रज्ञ बाईंचे अकराही शोधनिबंध शब्दकोश मांडीवर घेऊन वाचलेत, कारण त्या बाई माझी मुलगी. साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि सही केली.

तारीख ४

काम शिकलो. ओढ्यावर कमरेएवढा सिमेंटचा बांध आहे, त्याला मधोमध त्रिकोणी खाच. खाचेतून पाणी किती उंचीनं वाहतं ते लिहायचं आणि सकाळ-संध्याकाळ एकेक बाटली भरायची. बाटली सरळ भरायची नाही. आधी त्याच पाण्यानं तीनदा विसळायची, म्हणजे आधीचं काही उरत नाही, आत निव्वळ ओढा. लेबल पेन्सिलीनं लिहायचं, शाई ओली झाली की पळते. शिवाय एक ‘कोरी’ बाटली असते. प्रयोगशाळेतलं शुद्ध पाणी बरोबर न्यायचं, ओढ्याकाठी या बाटलीतून त्या बाटलीत ओतायचं, परत आणायचं. पाण्यात काय विरघळलंय ते रेघ काढून दाखवणारं मशीन आहे, त्यात या पाण्याची रेघ सपाट यायला हवी. नाही आली तर दोष ओढ्याचा नाही, नेणाऱ्या हाताचा.

हे सगळं ठकूनंच बसवून दिलेलं. भिंतीवर तिच्या अक्षरात नियम लावलेत. तेच डावखुरं, डावीकडे कललेलं अक्षर. शेवटचा नियम: पाणी तोंडात घालू नये. तो माझ्यासाठीच लिहिलाय बघ. पंप उघडण्याआधी मी विहिरीचा घोट घ्यायचो तेव्हा ही नाक मुरडायची. पण चाखल्याशिवाय मला पाण्याचा स्वभाव कळतच नाही, त्याला काय करू? आजही घोट घेतला. भिजल्या पानांची चव, मागून किंचित कडवट. वाईट नाही.

तारीख ७

तिचा सातवा निबंध पुन्हा वाचला. तुला सोपं करून सांगतो. आपल्याला वाटतं, आज पाऊस पडला की तेच पाणी आज ओढ्याला येतं. तसं नसतं. पडलेलं पाणी डोंगरात मुरतं. पानं, साली, मेलेली पाखरं, जे जे कुजतं त्याचा अर्क पिऊन खाली बसून राहतं. पुढे नवा पाऊस येतो, आत शिरतो आणि त्या जुन्या पाण्याला ढकलून बाहेर काढतो. ओढा फुगतो तो जुन्या पाण्यानं. या डोंगरात पाणी सरासरी दोनशे तेवीस दिवस मुक्काम करतं, हे तिनं मोजून काढलंय. आणि ज्याचा त्याचा अर्क मशीनमध्ये आपापली रेघ काढतो. पानांची वेगळी, सालींची वेगळी.

मग मी बोटांवर मोजलं. ती पावसात वरच्या चौकीवर, तिथल्या बांधाचं पाणी मोजायला गेली आणि परतली नाही, कुत्री घेऊन शोधणाऱ्यांनाही काही सापडलं नाही, त्याला आज दोनशे अठरा दिवस.

ती आहे की नाही ते पक्कं कळल्याशिवाय परतणार नाही आणि असेल तर घेऊनच येईन, असं तुला सांगून निघालोय. तू अजून फाटकाला कडी लावत नाहीस, ते मला दिसतं.

तारीख १२

दुपारी पाऊस झाला. दोनशे तेविसावा दिवस.

ओढा चार बोटं चढला, रंग जुन्या पितळेसारखा. बाटली विसळली, भरली, आणि घोट घेतला.

अगं, ती होती. कसं सांगू? ती पाच वर्षांची असताना तापानं फणफणली होती, मी रात्रभर तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलो होतो. त्या कपाळाचा वास. घोटभर पाण्यात.

मी बांधावर बसून रडलो आणि मग तिचाच कप आणून भरून प्यायलो.

तारीख १४

रसायनवाल्या बाई आठवड्यातून दोनदा बाटल्या तपासायला येतात. ठकूची मैत्रीण, मला काका म्हणतात. मशीन लावून त्यांनी रेघ दोनदा तपासली. म्हणाल्या की बाराव्या तारखेच्या पाण्याच्या रेघेत एक उंचवटा आलाय, तो पानांचा नाही, सालीचा नाही, ठकूच्या कुठल्याच तक्त्यात नाही. तो कशाचा ते मी सांगितलं नाही. कसं सांगणार? रोज एक कप पितो, हेही नाही.

तारीख १५

तोंड पुसलं तर पंचा तपकिरी झाला. बोटांची टोकं सुरकुतलेली, तासभर पाण्यात बसल्यासारखी.

आज एक गंमत झाली. एक आठवण आली आणि ती माझी नव्हती. एक माणूस पंपाखालून बाहेर येतोय, गालाला ग्रीस, हसतोय, आणि मी त्याच्याकडे खालून बघतोय. फार उंच माणूस. त्यानं मला उचलून खांद्यावर घेतलं. मला वाटलं, याच्याहून मोठं जगात कुणी नाही.

तो मी होतो गं. तिला मी एवढा मोठा दिसायचो?

तारीख १७

बाई पुन्हा आल्या. या खेपेला कोरी बाटलीही सपाट आली नाही. त्यांनी मशीन दोनदा धुतलं, पाणी बदललं, तेच. मग माझे हात हातात घेऊन बघितले आणि खुर्ची ओढून समोर बसल्या.

‘‘काका, ही रेघ ओढ्याची नाही. ही तुमच्यातून पाझरतेय.’’

मग मी पाणी पितो ते कबूल केलं. त्या रागावल्या नाहीत, रडल्या. म्हणाल्या, आज माझ्याबरोबर गाडीत बसा, दवाखान्यात जाऊ, पाणी सोडा म्हणजे सुटेल. मी म्हटलं, परवा येतो, बांधावरच्या पाण्याच्या खुणा उतरवून घ्यायच्यात. खोटं बोललो. इतक्या चांगल्या पोरीशी.

त्या गेल्यावर आपल्या लग्नाचा दिवस आठवायला बसलो. ऊन होतं की पाऊस? आठवेना. थोरल्याचं नाव दोनदा चुकलं. मग कळलं. नवं पाणी आत येतंय, जुनं बाहेर ढकललं जातंय. तिनंच लिहिलंय की.

तारीख १९

गेलो नाही. नीट विचार केलाय, रागावू नकोस. घरी आणायला तिची वस्तू नाही, हाड नाही, काही नाही. जे आहे ते या पाण्यात आहे. ते आणायचं तर भांडं हवं ना. मी भांडं.

दोनदा विसळून झालं असावं. अजून एकदा.

बाटली डाव्या हातानं भरली. सांडली नाही.

तारीख २०

आता वरच्या चौकीचं कळलं. खाचेत पानं अडकली होती, ती काढायला ठकू वाकली. पानांचा ढीग म्हणून पाय ठेवला, तो ढीग नव्हताच, खाली पोकळ — मऊ होतं. गार होतं. फार वेळ लागला नाही गं, तेवढं तुला सांगायचं होतं. तिनं एकदाच हाक मारली. तुला नाही. मला.

मी तेव्हा घरी नळाची तोटी बसवत होतो.

तारीख २१

उशी भिजलेली, तपकिरी. पानांवरची शाई पसरतेय, म्हणून पेन्सिल घेतली. अक्षर कलतंय — डावीकडे —

तुझं नाव लिहून ठेवणार होतो. जिभेवर आहे. तू फाटकाशी उभी राहतेस, एवढं आहे अजून. फाटक हिरवं. की —

तारीख २२

पहारेकरी दारात आला आणि मागे सरला. आजोबा म्हणाला नाही. ताई म्हणाला.

तारीख —

आई, तुझे गुडघे कसे आहेत? दादाचं पोट? वहिनीची पाठ? मास्तर अजून खोकतात का? इतके दिवस लिहिलं नाही, चुकलेच. फार खोल झोप लागली होती.

बाबा बरे आहेत ना? खाटेखाली त्यांचे बूट दिसले, ओले. मी हाका मारल्या, ओढ्यापर्यंत जाऊन आले. इथे आले होते का ते? त्यांना पाणी चाखायची खोड आहे, तू अडवायचंस. तो नियम मी त्यांच्यासाठीच लिहिला होता —

त्यांना घरीच ठेव. मी निघतेय. फाटक लावू नकोस. ते बरे आहेत, एवढंच कळव, लवकर लिही. आणि पेन्सिलीनं लिही, आई, शाई पाण्यात —