पोलिक्सेनीकाकूंच्या जांभया

३ ऑक्टोबर, यान्नेना
नोकरी मिळाली, तळ्याकाठी खोलीही मिळाली. स्वारी खूश आहे! घरमालकीण पोलिक्सेनीकाकूंनी आल्या आल्या बेडकांच्या तंगड्या तळून वाढल्या. प्रयोगशाळेतही बेडूकच. त्यांच्या कातडीत पेप्टाइड असतं, प्रथिनाचा इवलासा तुकडा. तो रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला जाऊन चिकटला, की अस्तराच्या पेशी एक वायू सोडतात, भोवतालचा स्नायू सैलावतो आणि वाहिनी रुंदावते. शरीर हा तुकडा लगेच कापून टाकतं. आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख झिसिससरांनी मात्र कापला न जाणारा तुकडा घडवलाय. महिनाअखेरीस इस्पितळातल्या रक्तदाबाच्या रुग्णांना तो टोचणार आहेत.

१९ ऑक्टोबर
परवा तो तुकडा सुईत भरताना तीच सुई माझ्या बोटात घुसली. तेव्हापासून गाल लालबुंद, अंगाला सतत घाम, उभं राहिलं की अंधारी. रक्तदाब उतरतोच आहे. रुग्णांना हे देऊ नका, असं सरांना तोंडावर सांगितलं. ते म्हणाले, इवान्थिया, नवीन आहेस, गप्प राहायला शिक. मला ते कधीच जमलेलं नाही.

२३ ऑक्टोबर
काकूंच्या मते मला दृष्ट लागलीय. त्यांनी पाण्यात तेलाचे थेंब सोडले, पुटपुटत माझ्या ओल्या कपाळावर अंगठ्यानं क्रूस काढले आणि जांभयांवर जांभया द्यायला लागल्या. दृष्ट जितकी जबर, तितक्या काढणारीला जांभया, असं इथं मानतात.
"बघ पोरी, कशी निघतेय!"
त्यांचेही गाल लाल झाले होते. मी हसत होते. त्या खुर्चीतच झोपल्या.

२४ ऑक्टोबर
काकू उठल्याच नाहीत. डॉक्टर म्हणाले, वय झालं होतं.
वय नव्हे. माझा घाम. तो प्रयोगशाळेत बेडकाच्या रक्तवाहिनीवर टाकून पाहिला, ती सैलावून रुंदावली. बेडकासारखं माझं कातडंही ते पेप्टाइड पाझरतंय. आणि मी हसत होते—

२५ ऑक्टोबर
सरांना सांगितलं. रुग्णांचं असंच होईल, मग त्यांचा घाम पुसणाऱ्या नर्सेसचं, बायकामुलांचं— सरांना पटलंच नाही. म्हणाले, तूही म्हातारीसारखी दृष्ट लागल्याच्या गप्पा मारायला लागलीस. सुया उद्याच.
बघतेच कशा टोचतात.

संध्याकाळ
भिंत धरून उभी आहे. काकूंसारखा डोळा लागला तर संपले. नाही लागू देणार.
जिन्यावर बूट वाजतायत. सरच. काकूंच्या दुखवट्याला— हातमोजे कुठले असणार. दुखवट्याच्या घरी हात हातात घ्यावाच लागतो. घेईन. दोन्ही घामेजल्या हातांनी. इस्पितळाला फोन करून सुया थांबवत नाही तोवर सोडणार ना—