कुणी वाचणार नाही, म्हणाला होतात

बाई, दर वर्षी उन्हाळा उतरायला लागला की मला तुमची आठवण येते. यंदाही आली, पण नेहमीसारखी आली नाही. मी ज्या वाचनालयात काम करते तिथे सुट्टीच्या शेवटच्या रविवारी मुलांना लिहायला बसवते. शाळा सुरू व्हायच्या आधी, उन्हाळ्यात जे झालं ते एकदा स्वतःशी लिहून काढायचं, एवढाच कार्यक्रम. पालकांना हल्ली अशा गोष्टींचं फार कौतुक असतं. एका गृहस्थांनी विचारलं, याचा स्कॉलरशिपला उपयोग होतो का. मी म्हटलं, होतो. मुलांना द्यायचे प्रश्न मी दर वर्षी डोकं खाजवून नव्याने काढते असा सगळ्यांचा समज आहे, आणि तो मी मोडलेला नाही. ते सगळे तुमचे असतात. सुट्टी लागली तेव्हा तुझ्याकडे नव्हतं आणि आता आहे, असं काय? या उन्हाळ्यात तू कुणाची वाट पाहिलीस? कोणती गोष्ट जूनमध्ये बरोबर न्यायची नाही? आणि तुमचा तो शेवटचा, ज्याच्यासाठी आम्ही आधीचे तीन भराभर उरकायचो: तुला एकट्यालाच माहीत आहे, असं काय?

काल मी मळ्यात आईकडे गेले होते. आई लोणच्याच्या कैऱ्या फोडत होती. या वयातही मोठा अडकित्ता ती दुसऱ्या कुणाच्या हातात देत नाही. मी शेजारी बसून फोडींना मीठ-हळद लावत होते आणि रविवारचं बोलत होते. तो शेवटचा प्रश्न मी बोलून दाखवला, तर आई हसली. म्हणाली, "त्या कागदांचं काय घेऊन बसली. तुझ्याच कागदावर वाचून बाईंनी मला पोराचं सांगितलं व्हतं की." आणि पुढची कैरी फोडली. माझ्या चेहऱ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. तिला वाटत होतं, हे मला केव्हापासूनच माहीत आहे.

बाई, तुम्ही आम्हाला दिलेला शब्द तुम्हाला आठवतो का? शाळेमागच्या तुमच्या घराच्या अंगणात कडुनिंबाखाली आम्ही बसायचो. जुन्या वह्यांची कोरी पानं फाडून आम्ही नव्या वर्षाची रफ वही शिवायचो, आणि त्यातलीच दोन-चार पानं तुम्ही आमच्याकडून या लिहिण्यासाठी मागून घ्यायचात. नाव घालायचं नाही, शुद्धलेखनाची फिकीर करायची नाही, कुणी वाचणार नाही. लिहून झालं की ती पानं रद्दी वर्तमानपत्रांबरोबर तुमच्या मोठ्या घंगाळात भिजत पडायची. दोन-तीन दिवसांनी आम्ही पोरंपोरी तो लगदा कुटायचो, भिजवलेली मेथी वाटून त्यात घालायचो, म्हणजे टोपलीला कीड लागत नाही, आणि पालथ्या पातेल्यावर थापून टोपल्या करायचो. तुमच्या घरात त्या टोपल्यांत पापड असायचे, शेंगा असायच्या, खडूचे तुकडेही असायचे. आमची सगळी गुपितं पापडांच्या खाली आहेत, असं आम्ही एकमेकांत म्हणायचो. लिहिलेली पानं फाडायचं काम तेवढं तुम्ही स्वतःकडे ठेवलं होतं. आम्हाला वाटायचं, बाई किती जपतात. आम्ही एकमेकांची वाचू नयेत म्हणून तुम्ही ती गोळा करून आत नेता, आणि तुकडे करूनच बाहेर आणता. तुम्ही ती आत नेऊन काय करत असाल, हा प्रश्न आमच्यातल्या एकालाही पडला नाही. एरवी तुम्ही आम्हाला प्रश्न पाडायला शिकवत होतात.

माझी नववी झाली तो उन्हाळा. दादा तेव्हा सिन्नरला एका कंपनीत फिटर होता, म्हणजे घरी सगळ्यांना तसं वाटत होतं. रोज सकाळी डबा घेऊन, कंपनीचा निळा शर्ट घालून तो निघायचा. निफाडकडची एक सोयरीक ठरत आली होती आणि ती त्या निळ्या शर्टावरच ठरत आली होती, कारण फुलांच्या मळ्यात खपणाऱ्या मुलाला तेव्हाही मुलगी द्यायला लोक काचकूच करत. मे महिन्यात मी मावशीकडे पिंपळगावला निघाले होते. ओझर मागे पडलं, पिंपळगाव जवळ आलं, आणि हायवेच्या कडेच्या एका कांद्याच्या शेडपाशी एसटी थांबली, पुढे टेम्पो आडवा आला होता. मी खिडकीतून बघते तर दादा. पाठीवर गोणी, अंगात बनियन, आणि निळा शर्ट घडी घालून एका क्रेटवर ठेवलेला. त्यानेही मला पाहिलं. मी तिथेच उतरले. त्याने मला उसाचा रस पाजला आणि सांगितलं की कंपनीने माणसं कमी केली, त्यात तो गेला. "आठ दिवस दे मला," तो म्हणाला. "मीच सांगतो घरी. आधी पोरीच्या बापाला भेटतो, मग नानांना सांगतो. तू फक्त कोनाला बोलू नको." मी नाही म्हणाले, म्हणजे बोलणार नाही म्हणाले. मावशीकडे मी जास्त राहिले नाही, दुसऱ्याच दिवशी परत आले. घरी राहून त्याचं गुपित सांभाळायचं, असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं.

गुपित सांभाळणं म्हणजे काय असतं ते मला त्या आठवड्यात कळलं. आई डब्यात भाजी जास्त भरायची, लग्नाचा मुलगा म्हणून, आणि मला रडू यायचं. आणि त्याच आठवड्यात तुमचा कडुनिंब आला, तुमचा चौथा प्रश्न आला. मी लिहिलं. सगळं लिहिलं. गोणी, बनियन, क्रेटवरचा शर्ट, उसाचा रस, दादाने मागितलेले आठ दिवस. लिहून झाल्यावर इतकं हलकं वाटलं की मी घरी पळतच गेले. नाव घातलं नव्हतं, पण पाच वर्षं माझं अक्षर तपासणाऱ्या माणसाला नाव कशाला लागतं?

दोन दिवसांनी संध्याकाळी दादा घरी आला, डबा ओट्यावर ठेवला, हातपाय धुतले. नाना पडवीत बसले होते. तुम्ही माझ्या वडिलांना ओळखत होतात. आवाज चढवणारा माणूस नव्हता तो. त्यांनी शांतपणे विचारलं, "आज कंपनीत काय काम होतं?" दादाने सांगितलं. कुठलं मशीन बंद पडलं, कुठला पार्ट बसवला, साहेब काय म्हणाले. नानांनी त्याला बोलू दिलं. मध्ये मध्ये हूं हूं करत राहिले. आई स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडाला लावून उभी होती, आणि मला एवढंच कळत होतं की काहीतरी भयंकर चाललं आहे. त्याचं सगळं सांगून झाल्यावर नाना म्हणाले, "दुपारी मी निफाडला जाऊन आलो. मोडलं ते लग्न. लोकांना फसवून सून आणायची नाय मला." दादाने वळून माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. एखादी गोष्ट लक्षात ठेवायला पाहावी तसं पाहिलं. आठ दिवसांतले तीन अजून बाकी होते.

पावसाळ्याआधी तो सुरतेला गेला. तिथेच टिकला, दुकान टाकलं, लग्न केलं, दोन मुलं आहेत, सगळं छान आहे. भाऊबीजेला येतो, साडी आणतो, माझ्या नवऱ्याची चेष्टा करतो. माझ्याशी बोलतो तो, बाई. पण सांगत काही नाही. मागे त्याचं ऑपरेशन झालं ते मला वहिनीकडून कळलं, तो दवाखान्यातून घरी आल्यावर. मी चिडले तर म्हणाला, अगं उगाच तुला कशाला. या 'उगाच तुला कशाला'वर माझी सगळी वर्षं गेली. एकदा मी त्याला स्पष्ट म्हटलं होतं, दादा, मी कुणाला बोलले नव्हते. तो म्हणाला, "बरं." एवढंच. मला वाटत राहिलं, मावशीच्या गल्लीतल्या कुणीतरी पाहिलं असेल, बातमी फुटली असेल. मावशीच्या शेजारणीवर मी कित्येक वर्षं राग धरला. ती बिचारी गेलीसुद्धा.

आणि तुमच्याकडे तर मी रडायला आले होते! दादा गेल्यावर दुसऱ्याच दिवशी. तुम्ही माझ्या डोक्यावरून हात फिरवलात, होतं ते चांगल्यासाठीच म्हणालात, आणि आतून शाईचा पेन आणून दिलात. माझ्या आयुष्यातला पहिला चांगला पेन. दहावीचे सगळे पेपर मी त्याने लिहिले. कुणी विचारलं की अभिमानाने सांगायचे, आमच्या बाईंनी दिला. आता मला कळत नाही की त्या पेनाला काय म्हणू. तुम्ही गेलात तेव्हा शाळेच्या शोकसभेत माजी विद्यार्थ्यांतर्फे मीच बोलले होते. काय बोलले ते आठवलं की आज कान गरम होतात. कागदावर विश्वास ठेवायला बाईंनी शिकवलं, असं बोलले. लोकांनी डोळे पुसले.

मी तुमची बाजू घेऊन पाहिली. काल रात्रभर नाही, पण आज सकाळपासून तेच करते आहे. तुम्ही त्या निफाडच्या मुलीचा विचार केला असणार. तुम्ही बाई होतात, मुलींची लग्नं कशी लावून देतात ते तुम्ही जवळून पाहिलं होतं, आणि एक मुलगी फसते आहे हे वाचून तुम्हाला गप्प बसवलं नसेल. हे मला समजतं. कदाचित तुमच्या जागी मीही गप्प बसले नसते. पण मग मला बोलवायचंत. म्हणायचंत, पोरी, मी वाचलं, मला राहवलं नाही, आता आपण काय करू या. मी दादाला घेऊन आले असते तुमच्याकडे. तुम्ही त्यालाही शिकवलं होतं, तुमचं त्याने ऐकलं असतं, त्याच संध्याकाळी गेला असता तो निफाडला, स्वतःच्या पायांनी. तुम्ही मला वगळून थेट आईकडे गेलात. आणि सगळ्यात जास्त मला काय लागलं सांगू? पुढच्या मे महिन्यात तुम्ही पुन्हा आम्हाला कडुनिंबाखाली बसवलंत, तोच चेहरा, तोच आवाज, कुणी वाचणार नाही. आणि मी पुन्हा लिहिलं. दादा माझ्याशी नीट बोलत नाही, आणि का ते मला कळत नाही, असं लिहिलं. तेही तुम्ही वाचलंच असणार. वाचलंत, फाडलंत आणि भिजत घातलंत. तेव्हा एक शब्द बोलला असतात तरी मला भाऊ परत मिळाला असता.

आज दुपारी दादाला फोन केला. दुकानातली गर्दी ओसरली असेल अशा बेताने. म्हटलं, दादा, ते मी सांगितलं नव्हतं. मी बाईंच्या कार्यक्रमात कागदावर लिहिलं होतं, कुणी वाचणार नव्हतं, बाईंनी चोरून वाचलं आणि आईला सांगितलं. मला कालच कळलं. मी एका दमात बोलले आणि थांबले. इतक्या वर्षांनी ओझं उतरेल, तो अगं वेडे म्हणेल, निदान तुम्हाला चार शिव्या घालेल, असं मला वाटलं होतं.

तो म्हणाला, "म्हणजे तू लिहिलं व्हतं."

मी म्हटलं, लिहिलं, पण सांगितलं नाही.

"बाई, ते तुम्हां शिकलेल्यांचं," तो म्हणाला. बहिणीला बाई म्हणतात तसं, तुम्हाला नाही. "मी त्या दिशी रस पिताना तुला बोललो, ते लिहायला नव्हतो बोललो." मग त्याने आईची तब्येत विचारली, लोणचं या वर्षी तिखट घाला म्हणाला, आणि गिऱ्हाईक आलं म्हणून फोन ठेवला. कदाचित आलंही असेल गिऱ्हाईक.

तेव्हा तुम्ही माझं काय काय नेलंत त्याचा हिशोब मी आता मांडत नाही. रविवारी मुलं येणार आहेत. तुमचे तीन प्रश्न मी ठेवणार आहे, चौथा काढून टाकला आहे. वाचनालयातल्या सहकारी म्हणाल्या, तोच तर चांगला होता. मी म्हटलं, मुलं फार लहान आहेत. त्या म्हणाल्या, गेल्या वर्षीही एवढीच होती.

हे पत्र कुठेही जायचं नाही, म्हणून एक गोष्ट लिहून टाकते, जी दादाला कधी कळता कामा नये. काल आईने ते वाक्य बोलल्यावर, मिठाचा हात तसाच हवेत असताना, माझ्या मनात सगळ्यात आधी दादा आला नाही. नानाही नाही, मोडलेलं लग्नही नाही. माझ्या मनात आलं, म्हणजे बाईंनी ते पान वाचलं होतं. मग त्यांना माझं लिहिणं कसं वाटलं असेल?