मुंग्यांच्या तोंडची कणी

१२ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

काल पाऊस पडला नाही. संध्याकाळी वीटभट्टीवरून आलेल्या मुकादमानेच तसं सांगितलं, आणि हसला. अण्णांनी सकाळी मुंग्या अंडी घेऊन भिंत चढताना पाहिल्या होत्या, म्हणजे पाऊस येणार. झालं, काम बंद, सगळ्या कच्च्या विटांवर ताडपत्र्या. भट्टी अण्णांकडून माझ्याकडे येऊन सहा वर्षं झाली, तरी माणसं अजून बापाचंच ऐकतात.

म्हणून ती अंडी मीच पुरवली होती. मूठभर तांदळाची कणी भिंतीपाशी टाकली, तीच मुंग्यांनी उचलली. मोतीबिंदूच्या डोळ्यांना दुसरं काय दिसणार? आज सगळ्यांसमोर सांगून टाकलं. माणसं पोट धरून हसली. अण्णा ताडपत्रीची घडी घालत राहिले. तू असतीस तर तूही हसली असतीस.

भाचरांना पापे. माझ्यावर आहे तो जीव राहू दे.

तुझा धाकटा

१७ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

हसले, खोटं कशाला सांगू. मग ताट बाजूला सारलं. सूर्याभोवतीचं खळं, खाली उडणाऱ्या पाकोळ्या, ओलावलेलं मीठ, एवढ्यावर अण्णांनी चाळीस वर्षं विटा वाचवल्या. तुला मोठेपणा हवा होता तर मागायचास. माफी माग, नाहीतर त्यांना माझ्याकडे पाठव. खोली लहान आहे, पण इथे त्यांना कुणी कणी घालणार नाही.

रागावलास तरी पत्र लिही.

ताई

२ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

माफी मागायची राहिली. परवा दुपारी दीड तास पाऊस कोसळला. एकही कच्ची वीट उभी नाही, सगळा चिखल. मुकादम स्वतः फिरून पाहून आला. वेधशाळेने कोरडं सांगितलं होतं, म्हणून ताडपत्र्या गोदामातच होत्या.

बायको म्हणते, अण्णा सकाळी अंगणात बराच वेळ आभाळ बघत उभे होते. मग दोरीवरचा फक्त स्वतःचा सदरा काढून आत गेले. आमचे कपडे तसेच. मी विचारलं, कळलं होतं तर बोलला का नाहीत? म्हणाले, मागच्या खेपेला तुम्ही सगळे हसलात, माझं हसायचं राहिलं होतं. आणि खरंच हसले, ताई, खोकला येईपर्यंत.

त्यांची पिशवी भरून ठेवली आहे. रविवारी गाडी घेऊन ये. त्यांना अजून काही सांगितलेलं नाही. तू दारात दिसलीस की समजतील.

लोभ उरला असेल तेवढा ठेव.

धाकटा