चार सेनोटाफ

३ मार्च
आलो बाई एकदाचे! दफनभूमीच्या कचेरीत नोकरी, गल्लीत घरं चारच, आमचं शेवटचं, ताईच्या नावावर. खिडकीतून थडगी दिसतात. ताई म्हणाली, शेजार शांत आहे, भांडण म्हणून व्हायचं नाही. हसून हसून पोट दुखलं. आई गेल्यापासून आम्हा दोघींना दोघीच.

५ मार्च
मला आजवर सगळं एकच कब्रस्तान. हेडक्लार्कनी शिकवलं: ग्रेव्हयार्ड चर्चच्या आवारातलं, सेमेटरी चर्चपासून वेगळी, क्रिप्ट म्हणजे चर्चखालचं तळघर. माझं काम रजिस्टर नीट करायचं. त्यात फक्त नंबर. नावांची वही त्यांच्या कपाटात, कुलपात.

७ मार्च
एका पानावर सगळीकडे शाईत ‘टूम्ब’, चारच नंबरांपुढे पुसट पेन्सिलीत ‘सेनोटाफ’. दोन्ही दगडी बांधकामंच, मग दोन शब्दांचं खूळ कशाला? चारही शाईने ‘टूम्ब’ करून टाकले. पान कसं देखणं दिसतंय! माझं अक्षर आहेच तसं.

१० मार्च
पहिल्या घरातल्या बेकरीवाल्या काकू गेल्या. सकाळी पाव देताना चांगल्या धडधाकट होत्या. त्या चारांतल्या पहिल्या नंबरात ठेवलं.

११ मार्च
दुसऱ्या घरातले पोस्टमन गेले. दुसरा नंबर. हेडक्लार्कनी रजिस्टर उघडलं आणि पांढरेफटक पडले. म्हणाले, टूम्बमध्ये माणूस असतो, सेनोटाफ रिकामा असतो. आपल्या गल्लीची रीत आहे, घरमालकाचा दगड जिवंतपणीच बांधायचा, आणि माणूस आत जाईपर्यंत शब्द पेन्सिलीतच ठेवायचा. बाई, हे काय करून बसलात, एवढंच म्हणाले. तिसरं घर त्यांचं.

१२ मार्च
हेडक्लार्क आले नाहीत. दुपारी कळलं.
ताईला ताप. डॉक्टर म्हणतात, साधा आहे. साधाच असेल. असायलाच हवा.

१३ मार्च
ब्लेडने शाई खरवडली. कागद फाटला, शब्द खालच्या पानावर तसाच — ताई मला आई समजून हाक मारते — हे माझ्या हातांनी झालंय. फार भीती वाटते.

१३ मार्च, दुपार
कपाट फोडलं. चौथ्या नंबरापुढे ताईचं नाव. खोडलं. माझं लिहिलं. शाईने.

ताप उतरला! उठून बसली. म्हणते, भूक लागलीय गं, काहीतरी कर ना —
पाय उचलत नाहीत — बोटं गार —
हाक मारायची नाही, घाबरेल ती —
परत विचारतेय, किती वेळ लिहीत बसणार — आलेच म्हटलं, दोनच मि