रांग नसलेली धार

ता. १४, गुरुवार

ती. वहिनीस,

सा. नमस्कार. मी सुखरूप पोचले. खोकला आहे तसाच आहे, तो आता माझ्याबरोबरच म्हातारा होणार. माझं शिवणाचं दुकान चार दिवस बंद राहिलं तर एक बाई शेजारच्या चावीवाल्याशी भांडून गेली, तिच्या पँटची लांबी म्हणे जगावेगळी महत्त्वाची.

हे फोनवरच सांगणार होते. पण दोन वाक्यांत तुझं 'बरं, ठेवते' येतं. लाइन मोकळी हवी असते तुला, कोण जाणे कधी दादाचा फोन येईल. म्हणून पत्र. तुझ्या इमारतीचं पाणी अजून चालू आहे ना? वरचे गेले, खालचे गेले, पाडणारे येऊन मापं घेऊन गेले आणि तू एकटी तिसऱ्या मजल्यावर. 'ते परत आले तर मला कुठे शोधतील?' यापुढे तुझी गाडी सरकत नाही. शेवटी म्हणालीस, आधी त्या देवळाच्या झऱ्यावर जाऊन ये, मग तुझ्याकडे राहायला येण्याचं बघू.

तर जाऊन आले. टूरवाल्यांबरोबर गेले नाही. त्या झेंडेवाल्यामागे मेंढरासारखं फिरणं मला जमत नाही, हे तुला माहीत आहे. दोन बस बदलल्या आणि चढ पायी चढले. जागा सुंदर आहे, खोटं कशाला बोलू? देवळामागे जमिनीतून पाणी वर येतं, तळाची वाळू सारखी हलत असते. तेच पाणी पुढच्या कुंडात दगडी तोंडांतून धारांनी पडतं. माणसं छातीभर पाण्यात रांग लावतात, एकेका धारेखाली डोकं घालतात, काय मागायचं ते मागतात आणि पुढच्या धारेकडे सरकतात. पाणी इतकं गार की उतरल्यावर तोंडात देवाचं नाव येण्याआधी शिवी आली.

आणि रांग तरी किती! माझ्या पुढचं जोडपं प्रत्येक धारेखाली फोटो काढत होतं. बघते तर टोकाच्या दोन धारा अगदी मोकळ्या. म्हटलं, लोकांना डोळे आहेत की भोकं? सरळ तिकडे गेले, पहिल्या मोकळ्या धारेखाली डोकं घातलं आणि दादाचं नाव घेतलं. मोठ्याने, तू सांगितलं होतंस तसं.

काठावर कपडे सांभाळणारी बाई ओरडली, "अहो ताई, तिथं नाही! त्या दोन धारा गेलेल्या माणसांसाठी आहेत!"

सगळं कुंड माझ्याकडे बघायला लागलं. धरणी दुभंगली असती तर बरं झालं असतं.

मी निघताना तू म्हणाली होतीस, "त्यांच्या नावाने अंघोळ करून ये." म्हणालीस आणि तुझा चेहरा खाडकन उतरला. दादाची बोट बुडाली त्या वर्षी काका हेच बोलले होते. कप्तान सापडला, स्वयंपाकी सापडला, इंजिनवाला आता कसला सापडतोय, करा त्याच्या नावाने अंघोळ आणि व्हा मोकळे. तेव्हापासून तू काकांशी बोलणं टाकलंस. परवा मात्र घाईघाईने म्हणालीस, "तसं नाही गं, परत यावेत म्हणून." मी म्हटलं, कळतं गं मला, वेडी आहे का मी?

पुजारी आला. चष्मेवाला, माझ्याहून लहानच. रागावला नाही. म्हणाला, "चुकून झालं ना? काही बिघडत नाही. पहिल्या धारेपासून पुन्हा सुरू करा." मग सहज विचारलं, "आहेत ना ते?"

हो म्हटलं की संपलं होतं. रांगेत जाऊन उभी राहिले असते, घरी येऊन तुला सगळं नीट झालं म्हणून सांगितलं असतं.

या वेळी मायन्यात 'सौ.' नाही, हे तू पहिल्याच ओळीला बघितलं असशील. विसरले नाही, वहिनी. मी त्याला म्हटलं, "नाही. गेला."

दोन वर्षांत पहिल्यांदा म्हटलं. रडू कोसळेल असं वाटलं होतं, ते आलंच नाही. सडकून भूक लागली. माझा सख्खा भाऊ, आणि मला भूक लागली. त्या भुकेची मला फार लाज वाटते.

पुजारी म्हणाला, "मग तुम्ही बरोबर ठिकाणी आहात. पण एकच धार झाली. दुसरी त्यांच्या सगळ्यात जवळच्या माणसाने घ्यायची असते. लग्न झालं होतं?"

"झालं होतं."

"मग त्यांना घेऊन या."

मी हुज्जत घातली. ती यायची नाही, तिच्याऐवजी मी उभी राहते, मी सख्खी बहीण आहे, लहानपणी त्याच्या ताटातलं खाल्लंय मी. तो म्हणाला, "त्यांच्याऐवजी नाही चालत." मी तशीच ओलीचिंब काठावर बसून राहिले. त्या बाईने टॉवेल आणून दिला.

तू येणार नाहीस, मला माहीत आहे. पाडणारे दाराशी आले तरी तू जागची हलणार नाहीस. आणि आता काकांसारखं मलाही टाकशील. काकांना बाकीचं घर तरी आहे. मला तो होता आणि तू आहेस.

दादाला अर्ध्या वाटेपर्यंत पोचवून परत आले आहे. पुढे नेणं माझ्या हातात नाही, आणि परत आणणं तुझ्या हातात नाही.

तू म्हणू देशील तोवर तुझी,
नणंद